दोन पदरांची दोरी

सेमेय, १५ सप्टेंबर १९९१

झौरेश,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. चार ओळींच्या पत्राला उत्तर लिहायला अकरा दिवस लागावेत, याचं तुला हसू येईल. वर नुसतं 'कामशात' लिहिलं आहेस. 'अप्के' नाही. थोरल्या बहिणीला अशी नावाने हाक मारलीस तर आईने तुला दाराबाहेर उभं केलं असतं. पण चोवीस वर्षांनी पत्र आल्यावर पहिल्या शब्दावरून कुरकुरणारी मी कोण?

सांदुगाशला दिवस गेलेत हे वाचून बरं वाटलं. भाचीला मी अजून पाहिलेलंही नाही आणि ती आई होणार. तू विचारलं आहेस, आईला झालं ते रक्तातून पुढे जातं का. हो की नाही, एवढंच लिही म्हणतेस.

नाही. जात नाही. निश्चिंत राहा.

इकडे सगळं ठीक आहे. अणुस्फोटांचं मैदान बंद झाल्याचं तू रेडिओवर ऐकलंच असशील. परवा चौकात गाणी झाली, लोक रडत होते. मी भाजी घेऊन घरी आले. पाय दुखत होते.

कामशात


सेमेय, ६ ऑक्टोबर १९९१

झौरेश,

तुझी एकच ओळ मिळाली. 'तेव्हाही तू अशीच एका शब्दात सांगून मोकळी झाली होतीस.'

बरोबर आहे. आणि सोबत सांदुगाशच्या लग्नाचा फोटो पाठवलास, त्याच्या मागे पेन्सिलने लिहिलंस की माझ्या घरी अजूनही दूध तीनदा उकळतं. ते वाचल्यावर मी फोटो उपडा ठेवला. दोन दिवस तो तसाच टेबलावर होता.

आता जरा नीट लिहिते. सवय नाही, म्हणून वेडंवाकडं होईल.

मी जिथे सत्तावीस वर्षं नोकरी केली त्या दवाखान्याच्या दारावर काय पाटी होती, तुला माहीत आहे. गुरांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणाऱ्या तापाचा दवाखाना. लोक त्याला नुसतं 'दुधाचा ताप' म्हणायचे. गावोगाव आमची गाडी जायची, रक्त घ्यायची, आणि आम्ही सांगायचो, दूध उकळा. म्हातारा ओमिर्झाक आठवतो, आपल्या पलीकडच्या घरातला? तो दर वेळी बाही वर करताना म्हणायचा, "मुली, माझ्या मेंढ्या तपासून गेले तुमचे लोक. त्या ठणठणीत. मग त्यांनी मला ताप दिला कुठून? उसना आणला का?" बाकावरचे सगळे हसायचे. मीही हसायची. आणि त्याच्या बाटलीवर क्रमांक लिहायची.

दुधाचा ताप नव्हताच, झौरेश. म्हणजे असेल कुणाकुणाला, तो सगळीकडेच असतो. पण दवाखाना त्यासाठी नव्हता. मैदानावरच्या स्फोटांनी माणसांच्या रक्ताचं काय होतं ते बघायला तो होता. बघायला, बरं करायला नाही. रुजू झाले त्या दिवशी एकोणीस वर्षांची होते मी. एका कागदावर सही घेतली, की इथलं बाहेर बोलणार नाही, नवऱ्याशीही नाही. नवरा नव्हताच, त्यामुळे ते सोपं गेलं.

आता मोठ्या डॉक्टरीणबाई, व्हेरा इग्नात्येव्हना, लेनिनग्राडला परत गेल्या. कागद कुठेतरी नेले. कपाटं उघडी आहेत आणि त्यांत माशा मेलेल्या आहेत. सही कुणापाशी केली होती तेही आता कळत नाही. तरी हे लिहिताना मी दार लावून घेतलंय.

आईला दुधाचा ताप नव्हता.

हात भरून आला. बाकीचं पुढच्या पत्रात.

कामशात


सेमेय, ३ नोव्हेंबर १९९१

झौरेश,

तू लिहितेस, 'मग काय होतं? मी गणित शिकवते, मला लॅटिन शब्द नकोत. गावातल्या बाईला सांगतात तसं सांग.'

प्रयत्न करते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पोर चालायला लागलं की आपण त्याच्या घोट्यांना काळी-पांढरी दोरी बांधतो आणि कुणाकडून तरी ती कापून घेतो. आई ती कशी वळायची, आठवतं? एक पदर काळ्या लोकरीचा, एक पांढऱ्या. मांडीवर ठेवून तळव्याने फिरवायची. गावात कुणाचंही पोर असो, दोरी आईकडूनच न्यायचे.

माणसाच्या प्रत्येक पेशीच्या पोटात अशीच एक दोरी असते. दोन पदरांची, एकमेकांत वळलेली. पेशीने काय करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्या दोरीत लिहिलेलं. आणि पदर असे जोडीचे की एक पाहिला की दुसरा कसा असणार ते कळतं.

किरण येतात. त्यांना रंग नाही, वास नाही. अंगातून आरपार जाताना ते वाटेतल्या अणूंमधले बारीक कण उडवून लावतात. पेशीत बरंचसं पाणीच असतं, तेही फुटतं, आणि त्याचे तुकडे क्षणभर जे समोर येईल त्याला चावत सुटतात. कधी किरण थेट दोरीला लागतो, कधी हे तुकडे तिला गाठतात. एक पदर तुटला तर फार बिघडत नाही. पेशी दुसऱ्या पदराकडे बघून तो सांधते. हे काम तिला किरण नसतानाही रोज असतंच. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले की बघून सांधायला काही उरत नाही. टोकं लोंबत राहतात. मग पेशी हाताला येईल ते टोक जोडते. कधी जुळतं. कधी या दोरीचं टोक त्या दोरीला लागतं.

मी तेच मोजायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन दिवस उबेत ठेवायच्या, त्या विभागायला लागल्या की औषध घालून मध्येच थांबवायच्या. मग हात वर धरून थंड काचेवर थेंब टाकायचा. उंचावरून पडला की पेशी फुटते आणि आतली गुणसूत्रं, म्हणजे त्याच दोरीची गुंडाळलेली बंडलं, काचेवर पसरतात. जांभळी दिसतात. शेहेचाळीस असतात आणि प्रत्येकाला एकच कंबर असते. चुकीची टोकं जोडली गेली असली की एखाद्याला दोन कमरा. किरण न लागलेल्या माणसाच्या हजार पेशींत असं एखादं सापडावं. आपल्या गावच्या काचांवर शोधावं लागायचं नाही.

एकदा मी व्हेरा इग्नात्येव्हनांना विचारलं, हेच का तो कर्करोग? त्या म्हणाल्या, "नाही, मुली. ही बिचारी विभागायला गेली की मरेल. मेलेल्यांची कसली भीती? जी जगते ना, तिची भीती."

जी जगते तिच्यातली चूक बारीक असते. 'थांब' म्हणणारी जागा गेलेली असते, नाहीतर 'वाढ' म्हणणारी भलतीकडे जोडलेली. एवढ्यानेही काही होत नाही. ती पेशी आपलं काम करत राहते. तिला लेकी होतात, लेकींना लेकी, सगळ्या तीच चूक घेऊन. पुढे कधीतरी त्यांतल्या एकीत आणखी एक चूक पडते, मग आणखी एक. दहा वर्षं, वीस वर्षं. आणि एक दिवस एक पेशी थांबायचं विसरते.

आईचं तसंच झालं, हाडाच्या आतल्या मगजात. त्रेपन्नच्या ऑगस्टमध्ये सैनिकांनी आपल्याला घराबाहेर चरात निजायला लावलं, तेव्हा ती आपल्या दोघींवर लोकरीचा जाड नमदा ओढून वर स्वतः पालथी पडली होती. तू चार वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. मी आठ वर्षांची. नमद्याच्या कडेतूनही उजेड आला. नंतर घरी गेलो तर कढईवर करडी धूळ बसली होती. आईने ती फडक्याने पुसली आणि चहा टाकला. त्यानंतरही नऊ-दहा वर्षं वारा आपल्याकडे वळला की धूळ यायचीच. तेव्हाचं काहीतरी तिच्यासोबत दूध काढायला गेलं, लग्नांत नाचलं, आणि सहासष्टच्या हिवाळ्यात तिला पहिला ताप आला.

आम्ही तिला सांगितलं, दुधाचा ताप.

कामशात


सेमेय, ८ डिसेंबर १९९१

झौरेश,

तुझं उत्तर आलेलं नाही. येणार नाही असं वाटतं. तरी लिहिते, कारण आता थांबले तर पुन्हा जमणार नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात आई अंथरुणावर पडून आठवत बसायची, कुठल्या दिवशी दूध नीट उकळलं नव्हतं. मला विचारायची, "कामशात, तुझ्या चुलतभावाच्या सुंतेला पाहुणे फार होते, त्या दिवशी उकळायचं राहिलं का गं? त्याच दिवशी असेल." मी म्हणायची, असेल. स्वतःच्या हाताने तिचं रक्त काचेवर टाकून मी बघितलं होतं. पांढऱ्या पेशींनी काच भरून गेली होती. आणि मी म्हणायची, असेल, आई.

तिला कुमिस हवं होतं. घोडीचं दूध आंबवतात, उकळत नाहीत. मी घरातली चामड्याची पखाल बाहेर टाकून दिली होती, कारण दवाखान्याची बाई मी, माझ्याच घरात कच्चं दूध कसं? तू शेजारून वाडग्यात लपवून आणायचीस. मला माहीत होतं. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. तू तिचं डोकं उचलून धरलं होतंस, ती पीत होती आणि तिच्या वरच्या ओठाला पांढरी रेघ आली होती. ती तुला म्हणाली, "पुरे कर, नाहीतर तुझी अप्के मला शिंगं फुटलीयत का बघायला येईल." दोघी आवाज न करता हसलात. माझ्या हातून ती फक्त औषध घ्यायची.

आता चाळिसाव्याचं.

आई जाऊन चाळीस दिवस झाले, गाव जेवायला आलं. बायका चहा घेत होत्या. ओमिर्झाकची बायको म्हणाली, चार घरांत चार बायका अशाच गेल्या, सगळ्यांनाच कसा दुधाचा ताप? आमची तर गायही नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दारात आमच्या दवाखान्याच्या कार्यालयातला एक माणूस उभा होता, दुखवट्याला म्हणून आलेला. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "आमच्या घरचं मला माहीत आहे. मी बजावून ठेवलं होतं. झौरेश तिला लपून कच्चं कुमिस पाजत होती."

तू हातात चहाची वाटी धरून उभी होतीस. अर्धी भरलेली, आई भरायची तशी. ती तू खाली ठेवलीस. इतक्या हळू की सांडली नाही.

चोवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की दारातल्या त्या माणसाला घाबरून बोलले. सही केली होती, नोकरी गेली असती, आणखीही काही झालं असतं. ते खरं आहे. पण पूर्ण नाही. आई तुझ्या हातून प्याली आणि हसली, तेही त्यात होतं. ते किती होतं, मला मोजता येत नाही. बाकी सगळं मोजता यायचं.

कुमिसने आईला काही झालं नाही. त्या उन्हाळ्यात तिच्या पोटात सुखाने गेलेली गोष्ट तेवढीच. तू तिला मारलं नाहीस, झौरेश. हे मी चाळिसाव्याला म्हणायला हवं होतं. आज लिहून देते. हे पत्र सांदुगाशला वाचायला दे.

कामशात


सेमेय, १२ जानेवारी १९९२

झौरेश,

उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र मात्र उघड. बाकीची टाकून दिलीस तरी चालेल.

तू पहिल्या पत्रात विचारलंस त्याचं मी 'नाही' म्हणून उत्तर दिलं होतं. ते आईपुरतं खरं आहे. तिच्या मगजात जे तुटलं ते तिच्याबरोबर मातीत गेलं. तिथून ते तुझ्यात आलं नाही, तुझ्यातून सांदुगाशमध्ये गेलं नाही, तिच्या पोटातल्या बाळापर्यंत जाणार नाही. पण तू विचारलंस आईबद्दल, आणि मी तेवढ्याच प्रश्नाच्या आड लपले. त्या चरात तूही होतीस.

तू गाव सोडून अल्मा-अताला गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात आमची गाडी आली होती. तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण रांगेत उभी राहिलीस. बाही वर केलीस आणि भिंतीकडे बघत राहिलीस. रक्त मी घेतलं. क्रमांक तीनशे अठरा. दोनशे पेशी मी एकटीने मोजल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन कमरांची गुणसूत्रं तीन पेशींत होती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तीनच.

त्याचा अर्थ तुला आजार आहे असा नाही. रक्तातल्या काही पेशी वर्षानुवर्षं न विभागता तशाच राहतात, त्यांनी फक्त साक्ष ठेवली होती की किरण तुझ्यातूनही गेले. मला हे कुणाला सांगायचं नव्हतं, मी सांगितलं नाही. तू आगगाडीत बसलीस.

आता दुसरी गोष्ट. त्रेपन्नच्या त्या उन्हाळ्यात गाईंनी धूळ बसलेलं गवत खाल्लं. त्या धुळीत एका जातीचं आयोडीन होतं. ते दुधात उतरतं आणि प्यालेल्या माणसाच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, आणि तिथून तिच्या पेशींवर किरण सोडत राहतं. पोरांची ग्रंथी लहान, म्हणून त्यांना जास्त. उकळून ते जात नाही. तीनदा उकळलं तरी जात नाही. आई तुला सकाळ-संध्याकाळ वाटीभर द्यायची, तू अशक्त होतीस म्हणून. तेव्हा दूध वाईट होतं, झौरेश. पण ते तू पाजलेलं नव्हतं. तुला पाजलेलं होतं.

लग्नाच्या फोटोत तू मोत्यांची माळ घातली आहेस. डाव्या बाजूला माळ जराशी वर उचललेली आहे. आधी वाटलं तू मान वळवलीयस. मग मी भिंग आणलं. सत्तावीस वर्षं मी बारीक गोष्टी बघत आले, माझे डोळे थकलेत पण इतके नाही. तिथे गाठ आहे. तुला गिळताना जाणवत असेल, किंवा नसेलही. असल्या गाठी बऱ्याचदा साध्या असतात. नसली तरी ही जात हळू वाढते, वेळेवर काढली तर माणूस जगतं, म्हातारं होतं, नातवंडांना ओरडतं.

डॉक्टरकडे जा. तू कुठल्या गावची ते सांग. लाजू नकोस, लपवू नकोस. लपवायचं काम मी दोघींच्या वाट्याचं केलंय.

गेलीस एवढं कळव. शब्दही नको, कोरं पाकीट चालेल.

कामशात


सेमेय, २० मे १९९३

झौरेश,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. वर ना 'कामशात' ना 'अप्के', सरळ मजकुरालाच सुरुवात. चालेल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सांदुगाशचं कार्ड आलं होतं, तेव्हापासून ते आरशाच्या चौकटीत खोचलेलं आहे. 'आईची ग्रंथी काढली. गाठ वाईट होती, पण तिथेच होती, पसरली नव्हती. रोज एक गोळी घेते आणि सगळ्यांवर चिडते. मला मुलगी झाली, दाना.' तू स्वतः काही लिहिलं नाहीस. मी वाट बघितली, मग बघायची सोडली. कोरं पाकीट मागितलं होतं, त्यापेक्षा जास्तच मिळालं होतं.

आणि आता हे. 'दाना चालते. जूनच्या पहिल्या रविवारी दोरी कापायची आहे. कापणार आमची शेजारीण बातिमा. तिने कुणाला बरं वाटावं म्हणून जन्मात काही सांगितलेलं नाही, सगळी इमारत तिला वैतागली आहे. तू कापायची नाहीस. कापणाऱ्यासारखं पोर चालतं म्हणतात, आणि पोरीने तुझ्यासारखं चालावं असं मला वाटत नाही. पण दोरी तू वळून आण. इथे बाजारात मिळते ती मशीनची. येताना गावाकडचं कुमिस आण. उकळून आणू नकोस.'

शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ होते. हसावं का ते कळेना, मग हसले.

तू म्हणतेस ते योग्य आहे. बातिमानेच कापावी. मी मागे उभी राहीन, आणि कुणी म्हणालं तर पोरीचा एक हात धरीन. नाही म्हणालं तर नाही.

आज सकाळी गावाकडून लोकर आणली. ओमिर्झाकच्या सुनेने काढून दिली, काळी एका मेंढीची, पांढरी दुसरीची. पैसे घेईना. कुणासाठी म्हणून विचारलं, मी म्हणाले, झौरेशच्या नातीसाठी. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याही." मी मान हलवली. कुमिसचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाली, घोड्या आता दूध द्यायला लागल्यात.

दुपारभर खिडकीपाशी बसून वळते आहे. आईसारखं मांडीवर जमत नाही, गुडघा साथ देत नाही, म्हणून टेबलाच्या कडेवर. वीतभर झाली होती, तेवढ्यात एका जागी दोन्ही पदर तुटले. गाठ मारली असती तर कुणाला कळलं नसतं, पोरीच्या पायात मिनिटभर राहणार आणि कापली जाणार. टोकं बोटांत धरून मी थोडा वेळ बसले. मग सगळी उलगडली, काळी वेगळी, पांढरी वेगळी, आणि पहिल्यापासून वळायला घेतली.

कामशात